एका भोकाला तीन दिवस

६ फेब्रुवारी

ताई,

वरती 'साष्टांग नमस्कार' लिहिणार होते. पण सहा वर्षं न बोललेली धाकटी बहीण एकदम पाया पडायला लागली, तर तू म्हणणार हिला काहीतरी हवंय. म्हणून आधीच सांगून टाकते, हवंय. काय ते आत्ता लिहीत नाही, नाहीतर तू इथेच पत्र मिटून ठेवशील. तुझा स्वभाव मला ठाऊक नाही का?

बातमी अशी की मी पुन्हा दुकान काढतेय. थांब, कपाळाला हात लावू नकोस. नवे कपडे शिवायचं नाही, दुरुस्तीचं. उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, अस्तर घालणं. आपलं दुकान बंद झाल्यापासून मी तयार कपड्यांच्या शोरूममध्ये मागच्या खोलीत बसून पँटी आखूड करतेय. खोलीला खिडकी नाही. दिवसाला वीस पँटी, आणि ज्याच्या पायात जाणार त्याचं तोंडही दिसत नाही. बावन्न पूर्ण झाली मला. आता नाही तर काय पुढच्या जन्मी?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा कोपऱ्यातला गाळा रिकामा झालाय. पाच वर्षांत चार दुकानं तिथे आली आणि गाशा गुंडाळून गेली, त्यामुळे सोसायटीची कमिटी आता ताकही फुंकून पितेय. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तोंडी नको. गिऱ्हाईक कोण, ते आत्ता कुठे जातं, तुमच्याकडे का येईल, हे शोधून लिहून आणा. दहा मार्चला बैठक आहे." दुसरा अर्ज मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याचा. त्याने म्हणे रंगीत तक्ते काढलेत. काढू दे. मीही कंबर कसली आहे.

चौकशी आपण मागच्या वेळीही केली होती म्हणा. शंभर जणांना विचारलं, शंभरच्या शंभर 'हो' म्हणाले, तरी अकरा महिन्यांत कुलूप लागलं. का लागलं ते उगाळत बसत नाही. या वेळी पद्धत वेगळी, एवढंच.

उत्तर नको. वाचलंस तरी पुरे.

तुझी धाकटी बहीण

१५ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, आईने पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसला, मग भाजी निवडायला बसली." दोनदा वाचलंस ना? मग मी लिहिणार.

गेला आठवडाभर मी हेरगिरी करतेय. आमच्या ह्यांची चांगली राखाडी पँट घेतली, मांडीजवळ कात्रीच्या टोकाने एक भोक पाडलं आणि गिऱ्हाईक बनून आसपासची तिन्ही दुकानं फिरले. ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "अगं, संशोधन कर, पण माझ्या मांडीवर का?" म्हटलं, फाटक्या पँटीला भोक पाडून काय कळणार? धड एवढी एकच होती.

पहिला धुलाईवाला. काउंटरवरची बाई मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "रफू बाहेर जातं. तीन आठवडे. गॅरंटी नाही." मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठे? तर म्हणाली, "बाहेर म्हणजे बाहेर." तिचंही बरोबर आहे, तिला तरी कुठे माहीत असणार.

दुसरा मोठ्या बाजाराच्या इमारतीतला, 'दहा मिनिटांत' अशी पाटीच आहे त्याची. खरंच दहा मिनिटांत दिलं हो! मागून चिकटपट्टी लावली आणि इस्त्री फिरवली. वरून भोक जसंच्या तसं, डोळे वटारून बघतंय. तू असतीस तर त्याच्या हातातली इस्त्री काढून घेतली असतीस. घरी येऊन मी ती पट्टी वाफेवर धरून सोडवली.

तिसरा जिन्यावाला. पोस्टाशेजारच्या इमारतीत जिन्याखाली एक म्हातारे शिंपी बसतात. त्यांनी पँट उजेडात धरली, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, हे झिजून पडलेलं नाही. ही कड कात्रीची आहे. तुम्ही धंद्यातल्या दिसता."

घ्या! ताकाला जाऊन भांडं लपवायची सोयच राहिली नाही. मी सगळं सरळ सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलतात. त्यांनी उलट स्टूल पुढे सरकवलं. "बसा. माझे डोळे गेलेत, वर्ष-दोन वर्षांत मीही आवरतं घेणार. रफूवाले रोज तीन-चार परत पाठवतो. सुईचं नाकच दिसत नाही तर रफू कसलं करू?" मग म्हणाले, "लोकांना काय विचारणार आहात?"

"हेच, दुकान काढलं तर याल का?"

तोंडात टाचण्या धरून हसले ते. माझाच जीव वरखाली, गिळतात की काय. "बाई, माप घेताना गिऱ्हाइकाला विचारता का, तुमची कंबर किती?"

"छे! कोणीही दोन इंच कमीच सांगतं."

"मग टेप लावता ना? हेही तसंच. 'याल का' विचारलं की माणूस तोंडदेखलं 'हो' म्हणतो, त्याचं काय जातंय? 'मागच्या वेळी फाटलं तेव्हा काय केलंत' ते विचारा. झालेलं सांगताना दोन इंच मारता येत नाहीत."

ताई, टेप गळ्यात घालून जन्म गेला आपला. गिऱ्हाइकाच्या शब्दावर एका कापडाला कधी कात्री लावली नाही. आणि दुकान मात्र नुसत्या शब्दांवर काढलं. तेही शब्द कोणाचे, ते... जाऊ दे, पत्र लांबलं.

तुझी धाकटी बहीण

२२ फेब्रुवारी

ताई,

शोरूममधून रजा काढली. मॅनेजरने तोंड वाकडं केलं, मी बघितलंच नाही. चार दिवस जिन्यावाल्यांच्या समोरच्या बाकावर बसले, त्यांना सांगूनच. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. पिशवी घेऊन आले किती, रिकाम्या हाताने गेले किती, भरली पिशवी घेऊन तसेच परत गेले किती. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एक गृहस्थ येऊन कानाशी पुटपुटले, "ताई, तुम्ही सरकारी का? रस्ता रुंद होणार आहे का?" म्हटलं, रस्ता नाही हो, माझ्याच डोक्यात जरा रुंदी होतेय.

एक्क्याण्णव माणसं आली, तेवीस भरल्या पिशवीने परत गेली. या तेवीस जणांच्या मागे धावून धावून विचारलं. सतरा जणांकडे भोक होतं. कसरीचं, ठिणगीचं, खिळ्याला अडकलेलं. उसवलेलं कोणीही शिवून देतो गं, भोक कोणालाच नको असतं.

मी मात्र यादी काय केली होती? उंची, चेन, अस्तर. जे मला येतं ते. लोकांना जे हवंय ते मला येत नाही. मी रफू करायला बसले की कापड आवळतं, तू म्हणायचीस ना, "भिंगरी, रफू करतेस की गळा आवळतेस?" काल ह्यांच्या पँटीवर करून पाहिलं आणि कोणी बघायच्या आत उसवून टाकलं.

कपाट आवरताना आपली जुनी वही सापडली. शंभर नावं आणि पुढे शंभर 'हो'. एकही 'नाही' नाही. एकतिसाव्या नावानंतर शाई बदलली आहे, निळ्याची काळी. पेन संपलं असेल तेव्हा.

वही परत कपाटात ठेवली. तुझ्या गावी हवा कशी आहे?

तुझी धाकटी बहीण

२ मार्च

ताई,

हवेचं विचारून विषय बदलला होता, तुला कळलंच असेल.

आज सगळं सांगणार आहे. पण आधी जे घडलं ते ऐक, म्हणजे मला उसनं धैर्य का आणावं लागलं नाही ते समजेल.

आजूबाजूच्या सहा इमारती पालथ्या घातल्या. एकशे सतरा दारं. 'याल का' असं एकालाही विचारलं नाही. "फाटलंय, वापरत नाही, पण टाकवतही नाही, असं काही आहे का घरात? मागच्या वेळी काय केलंत?" एवढंच. एकोणपन्नास जणांनी 'नाही' म्हटलं आणि मी एकोणपन्नास वेळा 'नाही' लिहिलं. पहिल्या दहा वेळा हात जड झाला, मग सवय झाली. एकाने तर दार लावून घेतलं. तेही लिहिलं, 'दार लावलं'. उरलेल्या अडुसष्ट घरांत कपाटाच्या तळाला काही ना काही निघालं. त्यातले एकेचाळीस जण ते घेऊन कुठे ना कुठे जाऊन, हात हलवत परत आलेले.

सत्तराव्या दारात एक निवृत्त शिक्षिका. शाल आणली बाहेर, दोन भोकं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, तर म्हणाल्या, "मागच्या वेळी? मागच्या वेळी एक बाई होत्या." आणि आतून वडिलांचा निळा कोट घेऊन आल्या. "कोपर बघा. इथे रुपयाएवढं जळालं होतं. शोधून दाखवा."

वरून नाहीच सापडलं. मी बाही उलटी केली. धागा त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून काढलेला, आणि शेवटचं टोक डावीकडे वळवून दाबलेलं. जगात डावीकडे टोक वळवणारी एकच बाई मला माहीत आहे.

शिक्षिका सांगत होत्या, "नंतर ही शाल घेऊन दोनदा गेले, तर दुकानाला कुलूप. फार हळहळले. त्या म्हणाल्या होत्या तीन दिवस लागतील. अहो, तीन दिवस काय, मी तीन आठवडे थांबले असते."

मी त्यांच्या सोफ्यावर बसून रडले, ताई. त्या बिचाऱ्या घाबरल्या, पाणी आणलं. त्यांना काय सांगू?

तुला सांगते. ती शंभर नावांची वही खोटी होती. मी एकतीस जणांना विचारलं. तेही सगळे ओळखीचे, मैत्रिणी, जावा, समोरची, शेजारची, जे 'नाही' म्हणूच शकत नाहीत असे. त्यातल्याही दोघांनी 'बघू' म्हटलं, त्यांचं मी 'हो' केलं. बत्तीसपासून शंभरपर्यंत सगळं घरी बसून, पाय पसरून लिहिलं. कंटाळा आला होता मला. आणि भीतीही वाटत होती की कोणीतरी 'नाही' म्हणेल आणि तू मागे फिरशील. तू ती वही बघितलीस आणि इस्पितळाच्या कापडखात्यातली चौदा वर्षांची नोकरी सोडलीस.

आणि दुकान बंद करायच्या दिवशी तू म्हणालीस, "एवढ्या शंभर जणांतलं कोणीच कसं आलं नाही?" तेव्हा मला तोंड उघडायचं होतं. उघडलं, पण बाहेर काय पडलं? "एका भोकाला तीन दिवस लावलेस तर कोण येईल? तुझ्या हातानेच बुडवलं दुकान." स्वतःचं पाप झाकायला तुझ्या हातावर ढकललं. तू सुया डबीत भरल्यास, लेकीकडे निघून गेलीस, आणि लेक सांगते की ती डबी तू उघडली नाहीस.

हात चांगला होता. माझी वही खोटी होती. हे वाक्य सहा वर्षं उशिरा येतंय, पण आलं.

भिंगरी

११ मार्च

ताई,

तुझ्या लेकीला फोन केला. म्हणाली, या वेळी पत्र एकदाच वाचलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. बरं. रागावायचा तुझा हक्क आहे, तो मी काढून घेणार नाही.

काल बैठक झाली. कव्हरवाल्याचे तक्ते खरंच देखणे होते. त्याचं म्हणणं, या भागात सगळ्यांकडे मोबाइल, म्हणजे सगळेच त्याचं गिऱ्हाईक. खजिनदारांनी विचारलं, या रस्त्यावर कव्हरांची दुकानं किती? म्हणाला, "असतील एक-दोन." मी सवयीने मोजली होती, सहा आहेत. पण बोलले नाही. दुसऱ्याच्या पंगतीत कशाला वाढू?

माझी पाळी आली. मी वही उघडून एकशे सतरा दारं सांगितली, एकोणपन्नास 'नाही' आधी सांगितले. सेक्रेटरी चष्म्यावरून बघायला लागले. म्हणाले, "वहिनी, अर्ज करणारा 'नाही' वाचून दाखवतो हे पहिल्यांदाच बघतोय." मग बाकावरचे तेवीस सांगितले, तिन्ही दुकानांत काय झालं ते सांगितलं, ह्यांची पँट फिरवून दाखवली. हे मागे बसून लाजत होते.

सगळे माना डोलवत होते, आणि मग सेक्रेटरींनी नेमकं बोट ठेवलं. "म्हणजे लोकांना रफू हवंय. तुम्ही रफू करता?"

"नाही."

"मग कोण करणार?"

ताई, जिभेवर आलं होतं, 'माझी बहीण'. दोन शब्द. समोर पेन होतं, कागद होता, बत्तीस ते शंभर लिहिणारा हात माझाच होता. मी म्हटलं, "जिने करावं असं मला वाटतं, तिला मी अजून विचारलेलं नाही."

त्यांनी चोवीस मार्चपर्यंत मुदत दिली. रफू करणाऱ्याचं लेखी आणलं तर गाळा माझा, नाही तर कव्हरवाल्याचा. घरी येताना हे म्हणाले, "दे ना लिहून 'हो'. नंतर समजावू ताईंना." असं काही बघितलं मी ह्यांच्याकडे, की बिचारे खिशात किल्ली शोधायला लागले.

तर पहिल्या पत्रात म्हटलं होतं ना, काहीतरी हवंय? ते हे. वहीचं शेवटचं पान फाडून सोबत पाठवतेय. एकशे अठरावी ओळ तुझी. रकाने तेच आहेत, शेवटी एक वाढवलाय, 'दुकानात येशील का?' तुझ्या ओळीत मी नाव सोडून काही लिहिलेलं नाही. 'नाही' लिहिलंस तर 'नाही' घेऊन कमिटीपुढे जाईन, आणि गाळा गेला तर जिन्यावाल्यांच्या शेजारी स्टूल टाकून चेना बदलीन. मागे हटणार नाही. पण तुझं उत्तर या वेळी तुझ्या शाईत हवं.

तुझी भिंगरी

२५ मार्च

ताई,

पान तेवीस तारखेला दुपारी पोचलं. पाकीट मला फोडवेना, शेवटी ह्यांनी फोडलं.

काल बैठकीत मी ते वाचून दाखवलं. काय वाचलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण मला ते पुन्हा लिहायचंय.

'दुकानात येशील का?' यावर तू सरळ रेघ मारली आहेस आणि वर लिहिलंस, 'प्रश्न चुकीचा. जिन्यावाल्यांनी शिकवलेलं महिन्याभरात विसरलीस.'

'मागच्या वेळी काय केलंत?' 'परवा डबी उघडली. जावयाच्या स्वेटरला रफू केलं. हात आहे अजून.'

'किती दिवस?' 'एका भोकाला तीन दिवस. घाई असेल त्याने दहा मिनिटांतवाल्याकडे जावं.' इथे अख्खी कमिटी हसली.

'शेरा' मी बैठकीत वाचला नाही. तो माझा आहे. 'भिंगरे, वही खोटी आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. काळ्या धाग्याच्या सात छटा वेगळ्या काढणाऱ्या बाईला शाईचे दोन रंग दिसणार नाहीत? गप्प बसले, कारण नोकरीचा मलाही वीट आला होता आणि मलाही 'हो'च ऐकायचं होतं. वहीचा राग कधीच नव्हता. हातावर बोललीस, त्याचा होता.'

हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सहा वर्षं मी वही लपवत होते, आणि लागलं होतं ते दुसरंच. ताई, तुझ्या हाताला मी बोलले, माझं चुकलं. हे भेटल्यावर तोंडानेही म्हणणार आहे, तेव्हा 'पुरे गं' म्हणून उडवून लावू नकोस.

सेक्रेटरींनी पान उलटंसुलटं करून बघितलं. "वहिनी, सगळं ठीक, पण हे 'हो' आहे की 'नाही'?"

मी त्यांना पानाच्या कडेला आडवं लिहिलेलं दाखवलं, कागद संपल्यावर तू कोंबलं आहेस ते. 'राखाडी पँटीला मी येईपर्यंत कोणी हात लावू नये.'

"हे माप आहे, साहेब," मी म्हटलं. "यावर कापड कापता येतं."

गाळा मिळाला.

पँट घडी करून कपाटात ठेवली आहे, ह्यांनाही हात लावू देत नाही. गाळ्याला एकच खिडकी आहे, तिच्याजवळची खुर्ची तुझी, मी मशीन घेऊन आत बसेन. आज पाटी रंगवणाऱ्याकडे जाऊन मजकूर देऊन आले. त्याने वाचला आणि म्हणाला, "बाई, 'रफूला तीन दिवस लागतील' असं कोणी पाटीवर लिहितं का? गिऱ्हाईक पळेल ना."

म्हटलं, आम्ही लिहितो.

तुझी भिंगरी